पाणी येता काय?

आमच्या घरात नुसतं ‘मशीन’ म्हटलं की ते शिवणाचं नसे. शिवणाचं ते आईचं मशीन. मशीन म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लटकणारं, डोक्यावर टोपी आणि पायात पंखा असलेलं, दोन माणसांनी उचलायचं धूड. देवबागेत एका दाराने बाहेर पडलं की समुद्र, दुसऱ्या दाराने पडलं की कर्ली खाडी. अशा ठिकाणी मशीन हे घरातलं माणूसच. पावसाळ्यात ते होडीवरून उतरून पडवीत येई आणि आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं राही. आल्यागेल्याला वाटे, कोणी आजारी आहे.

पाढ्यांच्या आधी आम्हां भावंडांना एक पाठ यायचा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल. नळीवरचा रबरी फुगा घट्ट होईस्तोवर दाबायचा. गियर मधे. चोक बाहेर. मूठ ‘स्टार्ट’च्या खुणेवर. मग दोरी. यातलं एक चुकलं तर मशीन ढिम्म हलायचं नाही. स्क्रू विसरला तर ते आणखी लबाड. छान चालू व्हायचं, ऐन खाडीच्या मध्यावर टाकीला हवा कमी पडून घुटमळायचं आणि मरायचं. शेजारपाजारचे काठावरून बघत असायचे, ते वेगळंच.

दोरीचं एक शास्त्र होतं. आधी हळूच ओढायची, आत काहीतरी अडल्यासारखं हाताला लागलं की थांबायचं आणि तिथून एकच झटका. सोडताना हात बरोबर न्यायचा, दोरी फटकन आत जाऊ द्यायची नाही. नाना म्हणायचे, “ताकद नको रे, हिसको होयो.” हा हिसका देताना कोपर मागे जायचं आणि मागे जो कोणी उभा असेल त्याला ते बसायचं. धाकट्याचा दुधाचा दात असाच पडला. दात हलतच होता, असं नाना शेवटपर्यंत सांगत राहिले.

मशीन लागलं, धूर निघाला, की सगळे एकदम ओरडायचे, “पाणी येता काय?” मागच्या बारीक भोकातून पाण्याची चूळ बाहेर पडायला हवी. तीच नाडी. समुद्राचं पाणी आत फिरून मशीन थंड ठेवतं. चूळ दिसली नाही तर क्षणाचाही विचार न करता लाल बटण दाबायचं आणि भोकात माडाचा हीर घालून वाळू-गाळ मोकळा करायचा. हा प्रश्न घरात इतका मुरला की तान्ह्या बाळाला ताप आला तरी आजी सुनेला पहिलं हेच विचारी. आणि बरोबरच विचारी.

चोक वेळेवर आत ढकलला नाही तर मशीनला पेट्रोल चढे. मग प्लग काढा, पुसा, पॉलिश पेपरने घासा आणि चुलीच्या वैलावर ठेवून तापवा. त्या दिवशीच्या भाकरीला पेट्रोलचा वास यायचा. आई बोलायची नाही, फक्त भाकरी जरा आपटून वाढायची.

खरी भांडणं मात्र रॉकेलवरून. आमचं मशीन पेट्रोलवर लागायचं आणि तापलं की तोटी फिरवून रॉकेलवर जायचं. किनारा जवळ आला की पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर आत रॉकेलच साचून राही आणि सकाळी थंडगार मशीन कितीही ओढलं तरी रुसलेलंच. रेशनचं निळं रॉकेल मोजकं. आजी कॅन हातात धरून विचारायची, “मशीनाक रॉकेल, नि माज्या स्टोव्हाक काय समुद्राचा पाणी?” त्यात तेल मिसळायचं मापही घरचंच. पाच लिटरला खोकल्याच्या औषधाच्या शंभर मिलीच्या बाटलीने दोन बाटल्या. कमी पडलं तर पिस्टन धरेल, जास्त झालं तर प्लग काळा होईल. बाटलीवर ‘बाहेरचे’ असं लिहून ठेवलं होतं, कारण एकदा कोणीतरी खरोखरच खोकला झाल्यावर ती शोधली होती.

मूठ डावीकडे ढकलली की होडी उजवीकडे वळते, हे तोंडी कळायचं, हाताला कळायला एक उन्हाळा जाई. पहिल्या दिवशी प्रत्येक जण ज्याला चुकवायचं त्याच्यावरच जाऊन आदळला. ओहोटीला पंखा कातळावर लागला की आतली पिन तुटायची. पिन मुद्दाम मऊ, ती तुटते म्हणून गियर वाचतात. आईच्या मोहरीच्या डब्याशेजारी पिनांची डबी असे. डबी घरीच राहिली की मग वल्ही.

अमेरिकेत ओले एव्हिनरूडने 1909 च्या सुमारास असली मशीनं विकायला काढली, तेव्हा त्याच्या बायकोने, बेसने, वल्ही फेकून द्या अशा अर्थाची जाहिरात लिहिली होती. बाई हुशार, पण कर्लीच्या मुखावर ओहोटीत सापडली नव्हती. आमच्या होडीतून वल्हं कधी उतरलं नाही.

संध्याकाळी मशीन गोड्या पाण्याच्या टिपात बुडवून फिरवायचं, आतलं मीठ जावं म्हणून. वैशाखात विहीर तळाला गेलेली असताना सुद्धा.

खंडेनवमीला कोयता, विळी, पागेर आणि मशीन एका ओळीत पाटावर बसत. मशीनवरची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने केव्हाच पुसली होती. पण आजी दरवर्षी मुठीवर एकाच जागी कुंकवाचं बोट टेकवी आणि ते तिथल्या उठावाच्या अक्षरांत जाऊन बसे. त्यामुळे बाकी सगळं गेलं तरी ‘स्टार्ट’ लालभडक वाचता येई. मशीन आता पडवीच्या वाशाला टांगलेलं आहे, पंखा कोणीतरी नेला. परवा पुतण्याने विचारलं, हे गंजलंय का? आम्ही बोट लावून पाहिलं. बोटाला कुंकू लागलं.