साईट उघडत नाही, तेव्हा चूक कोणाची?



जून महिन्यात शाळेत पाठ्यपुस्तकं कशी येतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुस्तक आणायला प्रत्येक मूल काही पुण्याला जात नाही. बालभारतीच्या भांडारातून गठ्ठे तालुक्याला येतात, तिथून केंद्रशाळेत आणि मग आपल्या शाळेत. पुस्तक एकच, पण त्याच्या प्रती मुलांच्या जवळ आणून ठेवलेल्या असतात.

इंटरनेटवरही अगदी अशीच सोय आहे. तिला म्हणतात कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजे सीडीएन. समजा, एखादी साईट अमेरिकेतल्या सर्व्हरवर आहे. तिच्यातली चित्रं, व्हिडिओ आणि पानं यांच्या प्रती मुंबई, चेन्नई अशा ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवल्या जातात. आपण मोबाईलवर बोट टेकवलं की जवळची प्रत येते. पान लवकर उघडतं, मूळ सर्व्हरवर गर्दी होत नाही आणि एखादा सर्व्हर बंद पडला तर दुसरा कामाला लागतो. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९५ मध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेत आपल्या सहकाऱ्यांपुढे इंटरनेटवरच्या गर्दीचा प्रश्न मांडला. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन यांनी तो मनावर घेतला. त्यातूनच १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी उभी राहिली.

आता तुम्ही विचाराल, प्रती जर जगभर आहेत, तर सगळं एकदम बंद कसं पडतं?

८ जून २०२१ चं उदाहरण घेऊ. फास्टली या सीडीएन कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मे महिन्यात एक दोष शिरून लपून बसला होता. एका ग्राहकाने आपल्या सेटिंगमध्ये बदल केला. बदल नियमाला धरूनच होता, पण त्याने तो दोष जागा झाला. कंपनीच्या जाळ्याचा ८५ टक्के भाग त्रुटी दाखवू लागला. ब्रिटन सरकारची साईट, न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन अशा कितीतरी साईट एकाच वेळी दिसेनाशा झाल्या. ४९ मिनिटांत ९५ टक्के जाळं पुन्हा सुरळीत झालं.

दुसरं उदाहरण १८ नोव्हेंबर २०२५ चं. क्लाउडफ्लेअर कंपनीमध्ये यंत्रांना सूचना देणारी एक फाईल चुकून दुप्पट मोठी झाली आणि जगभरातल्या सर्व्हरवर पोहोचली. एवढी मोठी फाईल सॉफ्टवेअरला पेलवली नाही. एक्स, चॅटजीपीटी यांच्यासह असंख्य साईट अडल्या.

आपल्या भाषेत सांगायचं तर, गठ्ठे प्रत्येक शाळेत पोहोचलेले आहेत, पण वरून एक चुकीचं परिपत्रक आलं आणि कोणालाच गठ्ठा सोडता येईना. पुस्तकं कुठेही गेलेली नाहीत. प्रती हजार ठिकाणी असल्या तरी हुकूम एकाच ठिकाणाहून सुटतो, आणि घोटाळा तिथे होतो.

हे सगळं प्राथमिकच्या शिक्षकाने कशाला लिहायचं? सांगते.

माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी एकच मोबाईल आहे, वडिलांचा. ते संध्याकाळी सातला कामावरून येतात. जेवणाआधीचा तासभर मोबाईल तिच्या हातात. एकदा सरावाची साईट उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी ती डोळे खाली घालून म्हणाली, "बाई, माझ्याकडनं कायतरी चुकीचं दाबलं गेलं. पप्पा रागावले." साईट तिकडे बंद होती आणि बोलणी खाल्ली आठ वर्षांच्या पोरीने!

कंपन्या सांगतात, आमची सेवा ९९.९ टक्के वेळ चालू असते. गणित करून पाहा. उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाचे सुमारे पावणेनऊ तास. ऐकायला कमी वाटतात. पण ज्या मुलाला दिवसाला एकच तास मिळतो, त्याचा नेमका तोच तास गेला तर त्याच्यासाठी त्या दिवशी सेवा शून्य टक्के. नोव्हेंबरमधला तो बिघाड आपल्या घड्याळात ४ वाजून ५० मिनिटांनी सुरू झाला आणि बराचसा निस्तरेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. म्हणजे नेमकी आपल्या मुलांची अभ्यासाची वेळ.

म्हणून पालकहो, एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. साईट उघडली नाही की पडद्यावर बऱ्याचदा तीन अंकी संख्या दिसते. ती ५ ने सुरू होत असेल, जसं ५०० किंवा ५०३, तर अडचण तिकडच्या यंत्रणेत आहे. ४०४ दिसलं तर त्या पत्त्यावर पान सापडलेलं नाही, पत्ता तपासा. संख्या दिसत नसेल तर दुसरी एखादी साईट उघडून बघा. ती उघडली तर आपला मोबाईल आणि नेट ठीक आहे. तिसरीच्या मुलांना तीन अंकी संख्या वाचता येतात. मी वर्गात हे शिकवलं, तेव्हा त्या मुलीनेच सगळ्यात आधी हात वर केला.

आणि शिक्षक मित्रांनो, जवळ प्रत ठेवण्याची युक्ती आपणही वापरू शकतो. ई-बालभारतीवरची पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. दीक्षा ॲपमधले घटक आधी डाउनलोड करून ठेवले तर नेट नसतानाही चालतात. फास्टलीच्या बिघाडात द व्हर्ज या अमेरिकेतल्या वृत्तसाईटने आपल्या बातम्या चक्क गूगल डॉक्सवर लिहून वाचकांपुढे ठेवल्या. आपल्याकडे तर फळा आहे, वही आहे, झेरॉक्स आहे. ऑनलाइन सराव देताना "आज रात्री आठपर्यंत" असं न म्हणता दोन दिवसांची मुदत द्या.

मोठमोठ्या कंपन्यांची जाळी यापुढेही कधीतरी अडणारच. तेव्हा मुलाच्या दप्तरात धड्याची एक प्रत असावी, आणि मोबाईल हातात घेऊन बसलेल्या मुलाला कोणीतरी म्हणावं, "तुझं काही चुकलं नाही, बाळा. चल, तोवर पुस्तकातलं करू."