दाखला मागण्याची वेळ

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. वडील माझे वीस वर्षांचे रुग्ण, वय ब्याऐंशी. मुलाच्या हातात टंकलिखित मृत्युपत्र होते. ‘बाबा सुदृढ मनःस्थितीत आहेत, एवढे लिहून द्या,’ ही विनंती. मी काकांना विचारले, “हा कागद कसला?” ते हसून म्हणाले, “विजेचं बिल असेल.” मुले किती, घर कोणाच्या नावावर, हेही त्यांना सांगता येईना. मी दाखला दिला नाही.

मुलगा लबाड नव्हता. अविवाहित बहिणीने वडिलांची शुश्रूषा केली, तर राहते घर तिला मिळावे, असे काका स्वतःच सर्वांना सांगत असत. मात्र तोंडी इच्छेने घर मिळत नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे स्वकष्टार्जित घरातही सर्व मुलामुलींचा समान वाटा होतो, आणि तिसरे भावंड आपला वाटा सोडायला तयार नाही.

यात माझीही चूक आहे. दोन वर्षांपूर्वी काका नेहमीच्या रस्त्यावर चुकले होते, गोळ्या दोनदा घेत होते. मी रक्तातील बी-१२ आणि थायरॉइड तपासले, औषध लिहिले आणि ‘वयोमानानुसार’ म्हणून विषय संपवला. कागदपत्रांची निरवानिरव झाली आहे का, हे विचारणे मला अशुभ वाटले. तेव्हा ते स्वतःची इच्छा नीट सांगू शकत होते.

विस्मरणाचे निदान झाले म्हणजे मृत्युपत्राचा अधिकार गेला, असे मुळीच नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, एरवी मनोविकार असलेली व्यक्तीसुद्धा मन स्थिर असलेल्या काळात मृत्युपत्र करू शकते. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या, दृष्टी नसलेल्या माणसालाही ते करता येते. आपल्याजवळ काय आहे, जवळचे कोण आहेत आणि आपण कोणाला काय देत आहोत, हे त्याला उमगले पाहिजे. डॉक्टरही नेमके हेच तपासतो, आणि ते रुग्णाशी एकट्याने बोलून तपासावे. मुलांनी थोडा वेळ बाहेर बसावे. त्यात अपमान नाही.

बाकीचे सोपे आहे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार वयाने लहान असावेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते नसावेत. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे. मी ती करण्याचा सल्ला देतो. डॉक्टरांचा दाखलाही सक्तीचा नाही, पण घ्यायचाच तर सहीच्या दिवशीचा घ्यावा. मन बदलले तर नवे मृत्युपत्र करता येते. शेवटचे ते खरे.

दोन गैरसमज मात्र दवाखान्यात वारंवार ऐकू येतात. बँकेत ‘नॉमिनी’ लावला म्हणजे पैसे त्याचे झाले, हा पहिला. नॉमिनीने ते वारसांसाठी स्वीकारायचे असतात. दुसरा गैरसमज काळजीवाहकांचा : ‘मुखत्यारपत्र आहे, चिंता नाही.’ ते देणाऱ्याची समज हरपली की कायद्याने मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळीच तो कागद हातातून जातो. उपचारांबाबतची इच्छा, उदाहरणार्थ कृत्रिम श्वासयंत्र नको, हे लिहून ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सुलभ केली. तो कागद मृत्युपत्रात घालू नये. मृत्युपत्र मृत्यूनंतर उघडले जाते.

आता साठीनंतरच्या प्रत्येक रुग्णाला रक्तदाब मोजताना मी हा प्रश्न विचारतो. काही जण दुखावतात. एका आजींनी मलाच उलट विचारले, “डॉक्टर, तुमचं झालंय का?” झाले नव्हते. त्या रविवारी मी आणि पत्नी कागद घेऊन बसलो; गावच्या जमिनीपाशी अडलो, भावाला फोन लावला. कच्चा खर्डा तयार आहे, साक्षीदार अजून ठरायचे आहेत.