एकशे दहा किलोमीटर

कुठल्याही दोन विमानतळांची नावं नेटवर टाका, अंतर आणि उड्डाणाचा वेळ लगेच समोर येतो. त्या मार्गावर विमान जातं की नाही, याच्याशी त्या हिशेबाला काही देणंघेणं नसतं. आता आमचं कोल्हापूरचं उजळाईवाडी आणि सिंधुदुर्गातलं चिपी घ्या. हवाई अंतर साधारण ११० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला कागदावर तेरा-चौदा मिनिटं. तेवढ्यात आमच्या घरी चहासुद्धा होत नाही!

प्रत्यक्षात थेट विमान नाही. मुंबईमार्गे हवाई अंतर मोजलं, तर आधी ३१० किलोमीटर उत्तरेला मुंबई, मग ३५० किलोमीटर खाली चिपी. म्हणजे ११० साठी ६६०. अर्थात एवढ्या जवळ विमान सोडून परवडणार तरी कुणाला? वर चढेपर्यंत उतरायची वेळ.

खरी गोष्ट मधल्या सह्याद्रीची आहे. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, चिपी शंभराच्या आत. विमानाला हा फरक जाणवणारही नाही, पण माणसाला तो घाटातून एकेक वळण घेत उतरावा लागतो. फोंडा, करूळ नाहीतर आंबोली. रस्त्याने हेच अंतर दीडशेच्या पुढे जातं.

माझी आत्या चिपीजवळ परुळ्याला असते. जुलै २०२४ मध्ये ती अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर करायला आम्ही सगळे इथे, म्हणून कोल्हापूरला आणायचं ठरलं. करूळ घाट कामासाठी बंद, त्यामुळे तिकडची वाहतूकही फोंड्यावर. पाऊस आणि धुकं होतंच. सकाळी सातला निघालेली ॲम्ब्युलन्स इथे पोचली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. दाजीपूरच्या जंगलात आत्तेभावाचा फोन लागेना, त्या पाऊण तासात बाबा एक शब्द बोलले नाहीत. आत्याने सगळा घाट त्याचा हात धरून काढला. प्रत्येक वळणाला तिची पकड घट्ट व्हायची, असं तो सांगतो.

आता ती काठी घेऊन हिंडते. मी वैतागून रस्त्याबद्दल बोलायला लागलो की म्हणते, "डोंगर काय हलाचो नाय रे बाबू."

डोंगर हलणार नाही हे खरंच. पण कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली आणि इथेच थांबली. खाली कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. दोन्ही जोडणाऱ्या कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची घोषणा झाली, सर्वेक्षणं झाली, गाडी मात्र अजून आलेली नाही. दोन्ही टोकांना विमानतळ आहेत. त्यांचा मला आनंदच आहे, पण ते आपल्याला मोठ्या शहरांच्या जवळ नेतात, एकमेकांच्या नाही. आत्याचं हाड मोडलं होतं, म्हणून साडेपाच तास निभावले. हृदयाचा झटका असता तर?

म्हणून एक विचारायचं आहे. तुमच्या गावाहून मोठं हॉस्पिटल किती लांब आहे? किलोमीटर नकोत. पावसाळ्यातले तास सांगा.