गिरणीतली पंगत

'फूड हॉल' या शब्दाला मराठी प्रतिशब्द काय द्यावा, या प्रश्नाने मला गेला महिनाभर छळले आहे. मराठीच्या प्राध्यापकाला असले छळ परवडतात. त्याला दुसरे काम तरी काय असते, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. 'खाद्यदालन' म्हणावे तर सरकारी प्रदर्शनातला मांडव डोळ्यांपुढे येतो. 'भोजनशाळा' म्हटले की पाट-रांगोळी आणि सोवळे आठवते. एरवी आपल्या मुंबईने जेवणाच्या जागांना नावे देताना कधी कंजुषी केली नाही. गिरगावात आरोग्यभुवने झाली, विश्रांतिगृहे झाली, माशांच्या ताटासाठी 'लंच होम' झाली. दादर स्टेशनासमोर मामा काण्यांनी तर आपल्या उपाहारगृहाच्या नावातच 'स्वच्छ' हे विशेषण बसवून टाकले. गिऱ्हाइकाने आत पाऊल टाकण्यापूर्वीच निश्चिंत व्हावे! आणि परळ-लालबागेत होती ती खानावळ. तिला पाटी नव्हती, नाव नव्हते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई, दोन स्टोव्ह आणि पाळीपाळीने जेवून जाणारे पंधरा-वीस गिरणी कामगार, एवढाच तिचा संसार.

ही आठवण येण्याचे कारण असे, की मुंबईतले हे नव्या तऱ्हेचे उंची फूड हॉल नेमके त्याच मुलखात उगवले आहेत. करी रोडला उतरून डिलाइल रोडच्या पुलावरून चालू लागावे. हा पूल २०१८ साली बंद झाला आणि पुरता खुला व्हायला २०२३ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत तिथल्या माणसांच्या पायांना जे व्यायाम घडले, ते कुठल्याच व्यायामशाळेत घडले नसते. पलीकडे सेनापती बापट मार्गावर फिनिक्स मिल, १९०५ सालची. राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याचे नाव तिला कोणी ठेवले असेल, त्याची वाणी खरी ठरली. फक्त उठला तो पक्षी निराळाच होता. गिरणीच्या जागी झगझगीत बाजार आला. २०११ साली तिथल्या पॅलेडियममध्ये 'फूडहॉल' याच नावाचे परदेशी जिनसांचे दुकान निघाले होते. ते पुढे बंद पडले, पण शब्द मागे ठेवून गेले.

मुंबईची पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली आरंभला. तिथपासून शे-सव्वाशे वर्षे हा भाग भोंग्यावर उठला आणि भोंग्यावर झोपला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी ऐकले नाही. नंतरची कथा जमिनीची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींची जी वाटणी ठरवली, तिच्यात ढोबळमानाने एक भाग शहराच्या मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना आणि एक मालकाला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आवारातल्या रिकाम्या जमिनीपुरती केली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दिवाळी अंकातल्या खाण्याच्या लेखात हे कशाला, असे वाचक म्हणतील. पण पंगतीत कोणाच्या पानात काय पडले, हे सांगितल्यावाचून पंगतीचे वर्णन पुरे होत नाही.

तर अशाच एका गिरणीच्या आवारातल्या फूड हॉलमध्ये आम्ही गेलो. नाव सांगत नाही. फुकटची जाहिरात कशाला? आम्ही म्हणजे मी, सौ. आणि माझी मावशी. मावशीचे वय एक्याऐंशी. तिने लालबागच्या चाळीत वीस वर्षे खानावळ चालवली. तिला इथे आणणे ही सौ.ची कल्पना. मला वाटले होते, म्हातारी बिचकेल. ती बिचकली नाही. दारातून आत येताच तिने मान वर करून छपराकडे पाहिले आणि म्हणाली, "उंची खात्याचीच ठेवलीय की रे. साचे इथंच असणार."

जागा देखणी आहे, हे कबूल केले पाहिजे. एकच प्रचंड दालन, कडेने दहा-बारा स्वयंपाकघरे, सगळी उघडी. कुठे लाकडाच्या भट्टीत पिझ्झा फुगतो आहे, कुठे जपानी शेवयांचे वाडगे वाफाळत आहेत, कुठे आंबवलेल्या पिठाचा पाव सुरीखाली करकरतो आहे. मध्ये लांबच लांब सामायिक टेबले. शेजारी कोण बसावे, हे आपल्या हाती नाही, म्हणजे पंगतच! वाढपी मात्र नाहीत. टेबलावरच्या चौकटीचा मोबाइलने फोटो घ्यायचा, पदार्थांची यादी फोनवर उमटते, पैसे आधी भरायचे, मग हातात एक चकती देतात. पदार्थ तयार झाला, की ती चकती हातातल्या हातात थरथरते. सौ.ला ही सोय फार आवडली. मावशीला आवडला तो रोकडा व्यवहार. "आधी पैसे? ब्येस्ट," ती म्हणाली. या दोन शब्दांमागे काय आहे, ते मला ठाऊक होते.

आम्ही नाचणीची भाकरी आणि सुके मटण घेतले. भाकरी तळहाताएवढी, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा आणि कसलीशी पाने. चव उत्तम होती, उगाच नावे ठेवण्यात अर्थ नाही. मटणाला भाजल्या खोबऱ्याचा खमंगपणा होता. करणाऱ्याचा हात जाणता होता. तिघांचे मिळून साडेतीन हजार झाले. मावशीला मी आकडा सांगितला नाही. तिने विचारलाही नाही. ती उघड्या स्वयंपाकघराकडे टक लावून बसली होती. तिथला पोरगा एका हाताने तवा आणि दुसऱ्या हाताने थापणे कसे सांभाळतो, हे ती एखाद्या गवयाने दुसऱ्याचे गाणे ऐकावे तशी पाहत होती.

अण्णाभाऊ साठ्यांनी 'मुंबईची लावणी'त मलबार हिल आणि परळ अशी दोन टोके समोरासमोर मांडली. ती शिकवताना मला आता अडचण येते. मलबार हिल परळातच येऊन बसली आहे, हे मुलांना सांगावे लागते. आणि मग परळ कुठे गेले, असे एखादा मुलगा विचारतोच.

संपाच्या वेळी मावशीचे अठरा मेंबर होते. पगार थांबला, तरी तिने चूल थांबवली नाही. वहीत लिहीत गेली. वाणी तिला उधार देई, ती मेंबरांना. अशा शेकडो बायका होत्या. सावकाराच्या व्याजातून त्यांची मान सुटावी आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळावे, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. गिरणगावाच्या इतिहासात मोर्चे आले, पुढारी आले, शाहीर आले; या बायकांना मात्र त्यात दोन ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही, असे माझे मत आहे. मावशीचे मेंबर एकेक करून सातारा, रत्नागिरीकडे परतले. काहींनी पुढे मनीऑर्डरी केल्या. एकाने तीन वर्षांनी तांदळाचे पोते आणून टाकले. काहींचे काही कळलेच नाही. वही तिने अजून ठेवली आहे. नावे तिला पाठ आहेत, रकमा ती सांगत नाही.

"ही पोरं कुठं जेवतात रे?" तिने एकदम विचारले.

मला ठाऊक नव्हते. बिल देताना एवढे कळले होते, की भाकरी थापणारा ओडिशाचा आहे आणि पाव कापणारा उत्तराखंडचा. सौ. म्हणाली, "मावशी, इथंच जेवत असतील." मावशीने मान हलवली. "इथलं परवडंल व्हय त्यांना?"

उत्तर मागच्या फाटकाशी मिळाले. दुपारचे चार वाजले होते. गल्लीत भिंतीच्या सावलीला काळे अंगरखे घातलेली दहा-बारा पोरे उकिडवी बसून जेवत होती. एका बाईने स्टीलचे डबे आणले होते. पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी. मावशी थांबली. वाकून एका डब्यात डोकावली, आमटीचा वास घेतला, आणि मग त्या बाईला म्हणाली, "किती मेंबर?"

"बावीस, आजी. दोन टायमाचे."

"उधारी?"

बाई हसली. पदराआडून तिने एक वही काढली. मावशी तिच्या शेजारी पायरीवर टेकली आणि चष्मा मागू लागली. दोघींची डोकी वहीत शिरली. आम्हा दोघांच्या त्या दिवशी करी रोडच्या तीन लोकल चुकल्या.