पोटरी पुन्हा पुन्हा धरते तेव्हा

राधानगरीच्या लक्ष्मी तलावाकडील चढावर मी पहाटे धावतो. पन्नाशीनंतर माझी उजवी पोटरी दोन वर्षांत तीनदा धरली. दर वेळी विश्रांतीने वेदना शमली. परंतु वेदना शमणे निराळे आणि स्नायू भार पेलण्यास सिद्ध होणे निराळे.

पोटरीच्या वरच्या स्नायूखाली सोलियस नावाचा चपटा स्नायू असतो. धावतानाच नव्हे, चालतानाही शरीराचा पुष्कळ भार तोच सोसतो, आणि चढावर अधिकच. त्याची ताकद निव्वळ पडून राहिल्याने परतत नाही. भिंतीला हात टेकून टाचा सावकाश उचलाव्या, त्याहून सावकाश टेकवाव्या. आधी गुडघे ताठ ठेवून, मग किंचित वाकवून, कारण गुडघा वाकला की सोलियसला अधिक काम पडते. मी हे एक दिवसाआड करतो. किंचित दुखले तरी चालेल; दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले असल्यास भार कमी करावा. (कंटाळवाणा व्यायाम आहे, हे मान्य!)

शुश्रूषा करणाऱ्यांनी मात्र सावध असावे. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागली, तर तेल लावून चोळू नये; आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन चालू असताना टाचेमागची शीर दुखू लागली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना तत्काळ कळवावे. साठीनंतर, विशेषतः सोबत स्टिरॉइड चालू असल्यास, ती शीर तुटण्याचा धोका वाढतो.