दिंडोरीची द्राक्षं आणि ताईची भजी

वाईनचं नाव काढलं की आमच्या मिरजेच्या घरात अजूनही आवाज खाली जातो. सासूबाई तर तिला सरळ दारूच म्हणतात, आणि त्यांचं चूक तरी काय? बारा-तेरा टक्के मद्यार्क असतोच तिच्यात. तेव्हा मैत्रिणींनो, कुणाला प्या म्हणून सांगायला मी बसलेले नाही. पण गेल्या आषाढात ताईकडे दिंडोरीला गेले होते आषाढ तळायला, आणि तळणाबरोबर जे पाहिलं-चाखलं, ते तुम्हांला सांगितल्यावाचून राहवेना.

नाशिकहून दिंडोरीचा रस्ता पावसात फार देखणा दिसतो. हाच पुढे वणीला, सप्तशृंगीच्या गडाकडे जातो. दोन्ही अंगांना मांडवावर चढलेल्या द्राक्षवेली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर त्यांची नुसती पानं वाढत असतात. घड हवे तर ऑक्टोबरची गोडी छाटणी व्हावी लागते. म्हणजे आषाढात जाल तर द्राक्ष एक दिसणार नाही, हिरवंगार मात्र डोळे भरून!

माझी भाचेसून जवळच्याच एका छोट्या वायनरीत नोकरी करते. "मावशी, चला, दाखवते," म्हणाली. ताई मात्र निघेना. कारण मला ठाऊक होतं.

कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांच्या 'सुला'ची वाईन २००० साली बाजारात आली, २००१ साली सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचं धोरण आणलं, आणि नाशिकभर वाईनच्या द्राक्षांची हवा झाली. दाजींनीही टॉमसनची दोन एकर बाग काढून शेनिन ब्लाँ लावली. करारावर शिक्के होते, सह्या होत्या. पुढे २००८ची मंदी आली, त्यातच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलं ओस पडली, वाईनच्या टाक्या भरलेल्या तशाच राहिल्या, आणि २००९च्या हंगामात कंपनीने माल उचललाच नाही. आता तुम्ही म्हणाल, बाजारात न्यायचा! पण बाई, वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांनी भरलेलं. ते खायला कोण घेणार? दाजींनी ती बाग उपटली. त्या वर्षी ताईच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत, एवढंच सांगते.

शेवटी नातसुनेसारखा हट्ट धरून सुनेने तिला गाडीत बसवलंच.

वायनरीत पोलादाच्या उंच टाक्या, आत गारवा, आणि आंबलेल्या पिठासारखा वास. फेसाळ वाईन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, तो वायू आतच कोंडतो. बाटलीतला दाब मोटारीच्या चाकाच्या दुप्पट-तिप्पट! म्हणून तारेची जाळी काढल्यावर बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवायची. सिनेमातल्यासारखं उडवायला गेलात तर डोळा जायचा.

"एका बाटलीला द्राक्ष किती लागतं गं?" ताईने विचारलं.

"किलो-सव्वा किलो."

ताईने बाटलीवरची किंमत वाचली आणि गप्प बसली.

तिथल्या भज्यांबद्दल न बोललेलं बरं. मऊ, तेलकट! आम्ही दोन-तीन बाटल्या घेऊन घरी आलो आणि ताईने कढई चढवली. तिची कांदा भजी म्हणजे काय सांगू? उभा चिरलेला कांदा मीठ-तिखट लावून दहा मिनिटं ठेवायचा, त्याला सुटेल तेवढ्याच पाण्यात बेसन भुरभुरायचं, ओवा चुरडायचा. वरून पाण्याचा थेंब नाही. भजी खेकड्यासारखी फाकली पाहिजेत.

मी घोट-घोट चाखत गेले. तांबडी शिराझ मिरचीच्या भज्यांबरोबर घेतली तर तोंडाला नुसती आग. तिचा तुरटपणा तिखटाला चेतवतो. शेनिन ब्लाँला किंचित गोडी असते, ती बटाटावडा आणि लसणाच्या चटणीशी छान जमली. सोव्हिन्यों ब्लाँला हिरवा, पाल्यासारखा वास, म्हणून कोथिंबीरवडीबरोबर गोड लागली. पण कांदा भज्यांची खरी जोडीदार ती फेसाळ! आंबटपणा आणि बुडबुडे मिळून जिभेवरचं तेल धुऊन काढतात, आपण भज्यांवर लिंबू पिळतो ना, तसंच. फक्त ती चांगली थंड हवी. पातेल्यात बर्फ आणि पाणी घालून बाटली अर्धा तास बुडवून ठेवा. उघडली की संपवायची, दुसऱ्या दिवशी फेस उरत नाही. तोंडात चमचा अडकवून काही होत नाही, मी करून पाहिलं. (चहाची सर येते का? पावसात तरी नाही, माझं मत.)

ताईने एक घोट घेतला. "आंबट आहे," म्हणाली, आणि दुसरा घाणा सोडायला उठली.

एवढ्यात दाजी शेतावरून आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. ग्लासाकडे पाहिलंसुद्धा नाही, भजी मात्र मुकाट्याने खाल्ली. मग शेनिनची बाटली उचलली, चष्मा लावून मागचं लेबल दोनदा वाचलं.

"माल कुठून घेतात?" सुनेला विचारलं.

तिने शेजारच्या गावाचं नाव सांगितलं.

"आगाऊ पैसे देतात का हल्ली?"

कढईपाशी ताईचा झारा थांबला.