उशिराचे सहाशे युरो

विमानाला उशीर झाला म्हणून कंपनीनं सहाशे युरो दिले, असं फोनवर सांगितलं, तेव्हा बाबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "उशीर झाला तं झाला. त्याचे कायचे पैसे?" आणि आवाज खाली आणून, "कोणाले सांगू नको, वापस मांगतीन."

तेव्हापासून त्यांना हे नीट कसं समजवावं, याच विचारात आहे.

गेल्या दिवाळीला श्टुटगार्टहून निघालेलं पहिलंच विमान तांत्रिक बिघाडानं पावणेदोन तास जागेवर उभं राहिलं. मधल्या विमानतळावर धावतपळत पोचलो, तोवर मुंबईचं विमान सुटलेलं. तिथं एका यंत्रानं उद्याच्या विमानाची चिठ्ठी हातात दिली. माणूस कोणी दिसलाच नाही.

अशा वेळी मला एसटी आठवते. उमरखेडहून यवतमाळला जाणारी गाडी आर्णीच्या अलीकडे बंद पडते. ड्रायव्हर इंजिनाकडे बघत उभा, भोवती सल्ला देणारे दहाजण. कंडक्टर मात्र रस्त्याच्या मधोमध जाऊन मागून येणारी गाडी हात करून थांबवतो. तेच तिकीट, तीच माणसं, आधीच भरलेल्या गाडीत सगळे कोंबले जातात. कोणाची पिशवी खिडकीतून आत येते, कोणाचं लेकरू अनोळखी मांडीवर बसतं. "सरका ना भाऊ, घ्या ना थोडं" करत सगळे यवतमाळला पोचतात. असली माया युरोपातल्या कोणत्याही विमान कंपनीनं मला दाखवलेली नाही. पण यवतमाळला पोचेपर्यंत वर्ध्याची गाडी निघून गेलेली असते, परीक्षा असो की कोर्टाची तारीख, आणि ते नुकसान ज्याचं त्यानं गिळायचं. गाडी का बिघडली, हे कंडक्टरला विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मीही कधी विचारलं नाही.

इकडे विचारतात. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम आहे. त्यात उशिराच्या भरपाईचा उल्लेख नव्हता. विमान रद्द झालं किंवा जागा नाकारली, तरच पैसे. २००९ मध्ये तिथल्या न्यायालयानं ठरवलं, की तीन तास किंवा जास्त उशिरानं पोचणंही तसंच. २०१३ मध्ये पुढची पायरी आली: एकाच तिकिटावरचं जोडविमान चुकलं, तर उशीर मोजायचा शेवटच्या मुक्कामी. म्हणजे माझे पावणेदोन तास मोजले गेले नाहीत, मुंबईला पोचायला झालेले तेवीस तास मोजले गेले. दीड हजार किलोमीटरपर्यंत २५० युरो, मधल्या अंतराला ४००, साडेतीन हजारांच्या पुढे ६००.

कंपनीचं पहिलं उत्तर आलं, "असाधारण परिस्थिती", आणि सोबत १५० युरोचं व्हाउचर. ते घेऊ नका. वादळ, बंद पडलेलं आकाश ही असाधारण परिस्थिती. रोजच्या वापरातला यंत्राचा बिघाड हा मात्र विमान चालवणाऱ्याच्या धंद्याचाच भाग, असं न्यायालयानं २००८ मध्येच म्हटलंय. हे वाचताना मला आमचं फुलसावंगी आठवलं. गावचं नाव बाहेर पोचलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पंखा लागून एक तरुण गेला तेव्हा. यंत्र त्याचं, धोका त्याचा, किंमतही त्यानंच मोजली. मोठ्या कंपनीनं मात्र स्वतःच्या नटबोल्टाचा हिशेब प्रवाशाच्या माथी मारायला बघावं!

आता व्यवहाराचं, कारण दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. बोर्डिंग पास फेकू नका. उशिराचं कारण फलकावर किंवा मोबाइलवर दिसलं, की फोटो काढा. दावा कंपनीच्या संकेतस्थळावरच स्वतः करा. दलाल साधारण तिसरा हिस्सा कापून घेतात आणि काम तेच करतात. जर्मनीत मुदत त्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. आणि आई-बाबांचं तिकीट काढताना बघा: युरोपातून निघणारं विमान कोणत्याही कंपनीचं असो, नियम लागतो; भारतातून इकडे येताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. आखाती कंपनीचं तिकीट स्वस्त पडतं, पण येताना ते दहा तास रखडले, तर या नियमातून छदाम मिळणार नाही. आपल्याकडे विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. न कळवता विमान रद्द केलं तर जास्तीत जास्त दहा हजार रुपये. नुसत्या उशिराला मात्र खाणंपिणं, सहा तासांपुढे दुसरं विमान किंवा परतावा. चहा-नाश्त्यावर माणूस शांत होतो, हे त्यांना बरोबर ठाऊक आहे.

माझी स्वतःची चूक सांगायची राहिली. मुंबई–नागपूर मी थोडे पैसे वाचवायला वेगळ्या तिकिटावर काढलं होतं. वेगळं तिकीट म्हणजे या नियमाच्या दृष्टीनं वेगळा प्रवास. ते विमान मला न घेता गेलं, पैसेही गेले.

बाबा मला घ्यायला भाड्याची गाडी करून नागपूरला निघाले होते. माझा निरोप पोचेपर्यंत ते वर्धा ओलांडून गेलेले. गाडी रिकामी परतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. दोन्ही फेऱ्यांचं भाडं त्यांनीच दिलं. हे मला त्यांनी अजून सांगितलेलं नाही, आईनं सांगितलं.